अविश्वासार्ह टचपॅडसाठी कर्नल ड्रायव्हरचे लेखन : बाइटांच्या क्रमाचा एक अभ्यास

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अध्यापनात 'डिव्हाइस ड्रायव्हर' ही संकल्पना बहुधा एका व्याख्येत आटोपली जाते. उपकरण आणि कार्यप्रणाली यांच्यातील दुभाषा म्हणजे ड्रायव्हर, असे विद्यार्थी लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात. ही व्याख्या चुकीची नाही; मात्र तीत एक गृहीत दडलेले आहे. बोलणाऱ्याचे शब्द दुभाष्याला स्पष्ट ऐकू येतात आणि एका वेळी एकच जण बोलतो, असे ते गृहीत होय. लॅपटॉपच्या टचपॅडच्या बाबतीत ही दोन्ही गृहीते वारंवार कोसळतात. बोट स्थिर असताना कर्सर पडद्याच्या कोपऱ्यात उडी घेतो, कोणी कळ दाबलेली नसताना क्लिक होते, लिहीत असलेल्या मजकुरात भलताच मजकूर चिकटवला जातो. वापरणारा यंत्राला दोष देतो आणि दुरुस्ती करणारा टचपॅड बदलण्याचा सल्ला देतो. पुष्कळदा टचपॅड सुस्थितीत असतो. त्याच्याकडून आलेल्या बाइटांचा अर्थ लावण्यात चूक झालेली असते.

लिनक्स कर्नलमधील आल्प्स कंपनीच्या टचपॅडचा ड्रायव्हर हे या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आहे. त्यातही २००८ मध्ये बाजारात आलेल्या डेल लॅटिट्यूड ई६४०० व त्याच्या भावंडांसाठी २००९ मध्ये जी दुरुस्ती करण्यात आली, ती फार मोठी नाही. त्या ओळींमागील विचार उलगडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माउसचे सोंग घेतलेला टचपॅड

आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ ही संगणकमालिका बाजारात आणली आणि तिच्याबरोबर कळफलक व माउस यांच्या जोडणीची एक पद्धत रूढ झाली. अॅपलच्या पॉवरबुक ५०० या मालिकेने १९९४ मध्ये ट्रॅकबॉलच्या जागी टचपॅड आणला, आणि पुढे तो सर्वच लॅपटॉपांचा अविभाज्य भाग बनला. पीसी घराण्यातील लॅपटॉपांत या नव्या उपकरणासाठी निराळी जोडणी करण्याऐवजी ते पीएस/२ माउसच्याच तारांवर बसविण्यात आले. कारण व्यावहारिक होते. कोणताही ड्रायव्हर न घालता यंत्र सुरू केले तरी टचपॅड किमान माउसप्रमाणे चालला पाहिजे. या सोयीची किंमत ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना पुढे अनेक वर्षे मोजावी लागली.

पीएस/२ च्या तारेवरून माहिती एकेका बिटाने जाते. एका बाइटासाठी अकरा बिट लागतात : आरंभाचा एक, माहितीचे आठ, विषम समतेच्या पडताळणीचा एक आणि समाप्तीचा एक. ठोक्यांची वारंवारता १० ते १६.७ किलोहर्ट्झ असल्याने एका बाइटाला ढोबळमानाने एक मिलिसेकंद लागतो. बाइट पूर्ण झाला की कळफलक-नियंत्रक प्रोसेसरला इंटरप्ट पाठवितो (माउससाठी क्रमांक १२) आणि ड्रायव्हरच्या हाती तो एक बाइट पडतो. हा बाइट कोणत्या पॅकेटातील कितवा, हे त्यावर लिहिलेले नसते. टपालाने आलेल्या पत्राची पाने क्रमांक न घालता एकेक करून मिळावीत, तसा हा प्रकार आहे.

साध्या माउसचे पॅकेट तीन बाइटांचे असते. पहिल्या बाइटात तीन कळांची स्थिती, आडव्या व उभ्या हालचालीची चिन्हे आणि नेहमी १ असणारा एक बिट असतो. उरलेल्या दोन बाइटांत हालचालीचे अंतर असते. हा नेहमी १ असणारा बिट हीच पॅकेटाच्या आरंभाची एकमेव खूण. ती खूण पुरेशी नाही, कारण हालचालीच्या बाइटांतही त्या जागी १ येऊ शकतो. माउस सहसा बाइट गाळत नाही, या भरवशावर ही पद्धत चालत आली.

टचपॅडला याहून बरेच काही सांगायचे असते. बोट किती सरकले एवढेच नव्हे, तर ते कोठे आहे आणि किती दाबले आहे, हेही त्याला कळवावे लागते. त्यासाठी आल्प्सच्या त्या काळच्या टचपॅडांनी सहा बाइटांचे पॅकेट वापरले. पहिल्या बाइटाचा सर्वोच्च बिट १ असतो आणि उरलेल्या पाचही बाइटांचा सर्वोच्च बिट ० असतो. ही रचना माउसच्या रचनेपेक्षा कितीतरी शहाणपणाची आहे, कारण पॅकेटाचा आरंभ निःसंदिग्धपणे ओळखता येतो. दुसऱ्या बाइटात आडव्या स्थानाचे खालचे सात बिट, तिसऱ्यात त्याचे वरचे चार बिट व बोटासंबंधीच्या दोन खुणा, चौथ्यात उभ्या स्थानाचे वरचे तीन बिट, एक कायमचा १ आणि मधल्या, उजव्या व डाव्या कळांचे तीन बिट, पाचव्यात उभ्या स्थानाचे खालचे सात बिट आणि सहाव्यात दाब, अशी ही वाटणी आहे. चौथ्या बाइटाचे खालचे चार बिट वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढील सारा गोंधळ तेथेच होतो.

ओळख पटविण्याची आडवाट

माउसचे सोंग घेतलेल्या उपकरणाला 'तू कोण' असे सरळ विचारण्याची सोय नव्हती. माउसला समजणाऱ्या आज्ञा मोजक्या होत्या आणि त्यांत भर घालावी, तर एखादा जुना माउस गडबडून जाण्याची शक्यता होती. म्हणून उत्पादकांनी निरुपद्रवी आज्ञांचा एक विशिष्ट क्रम हाच सांकेतिक प्रश्न म्हणून योजला. आल्प्सच्या बाबतीत सोळा-अंकी पद्धतीने लिहिलेला हा क्रम ई८, ई६, ई६, ई६, ई९ असा आहे. यातील ई६ म्हणजे 'हालचालीचे प्रमाण एकास एक ठेव'. कोणत्याही माउसला हे तीनदा सांगितल्याने काही बिघडत नाही. अखेरची ई९ ही आज्ञा स्थिती विचारते, आणि आल्प्सचा टचपॅड ००-००-०ए किंवा ००-००-६४ असे उत्तर देतो. दुसरे उत्तर साध्या माउसकडूनही येऊ शकते, कारण सोळा-अंकी ६४ म्हणजे दशमान १००, आणि माउसचा ठरलेला नमुनावेग तोच आहे. म्हणून ई६ च्या जागी ई७ घालून प्रश्न पुन्हा विचारला जातो. त्याच्या उत्तरातील तीन बाइट म्हणजे टचपॅडच्या नमुन्याची ओळख. लॅटिट्यूड ई५५००, ई६४००, ई६५०० आणि प्रिसिजन एम४४०० ही यंत्रे ६२-०२-१४ असे उत्तर देतात.

ड्रायव्हरमध्ये अशा उत्तरांचा एक तक्ता असतो आणि प्रत्येक उत्तरापुढे त्या नमुन्याची वैशिष्ट्ये नोंदलेली असतात. हा तक्ता कंपनीने दिलेल्या कागदपत्रांवरून तयार झालेला नाही. ज्यांच्या हाती ते यंत्र होते, त्यांनी बाइट टिपून, त्यांचा अर्थ लावून एकेक ओळ भरली. ज्या काळात या टचपॅडांची माहिती उत्पादकाकडून खुली होत नव्हती, त्या काळात हाच मार्ग उपलब्ध होता. आणखी एक युक्ती वापरात होती : विंडोजचा ड्रायव्हर आभासी यंत्रात चालवायचा आणि तो टचपॅडला कोणत्या आज्ञा देतो हे मधल्या थरात टिपायचे. बाइट टिपण्याची सोय कर्नलमध्येही आहे; कळफलक-नियंत्रकाच्या ड्रायव्हरला तशी सूचना दिली की येणारा-जाणारा प्रत्येक बाइट नोंदला जातो. मात्र त्याच नियंत्रकातून कळफलकाचे बाइटही जातात. दोषनोंदीला जोडलेल्या अशा टिपणातून एखाद्याचा पासवर्ड उघड होऊ शकतो. पुढे कळफलकाचे बाइट झाकून ठेवण्याची व्यवस्था कर्नलमध्ये करण्यात आली, ती याच कारणाने.

नऊ बाइटांचे पॅकेट

लॅटिट्यूड ई६४०० वर बोटाने चालविण्याची दोन साधने आहेत. एक टचपॅड आणि दुसरी कळफलकाच्या मधोमध असलेली लहान निर्देशक दांडी. दांडीची माहिती स्वतंत्र वाटेने प्रोसेसरकडे जात नाही. ती टचपॅडमार्फत जाते. केवळ टचपॅड वापरला तर सहा बाइटांची पॅकेटे येतात. केवळ दांडी वापरली तर साध्या माउससारखी तीन बाइटांची पॅकेटे येतात. दोन्ही एकाच वेळी वापरली तर काय व्हावे, असा प्रश्न आहे. आधी एक पॅकेट पूर्ण जावे आणि मग दुसरे, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. या टचपॅडने तसे केले नाही. त्याने आपल्या पॅकेटाचे पहिले तीन बाइट पाठविले, मग दांडीचे तीन बाइट मध्येच घुसविले आणि त्यानंतर आपले उरलेले तीन बाइट पाठविले. असे नऊ बाइटांचे एक पॅकेट तयार झाले.

वास्तविक दोन्ही साधने एकाच वेळी मुद्दाम कोण वापरतो, असे कोणी म्हणेल. दांडी वापरताना तळहाताचा भाग टचपॅडला टेकला तरी पुरे. ही स्थिती अपवादात्मक नाही.

केवळ सहापर्यंत मोजणाऱ्या ड्रायव्हरने अशा पॅकेटाचे काय केले असते, हे बाइटांच्या रचनेवरून नेमके सांगता येते. समजा, दांडी उजवीकडे ३ आणि वर २ एवढी सरकली. घुसविलेल्या तीन बाइटांपैकी पहिल्याचे खालचे चारही बिट १ असतात, आणि हालचाल धन असल्याने चिन्हाचे दोन्ही बिट ० असतात. पुढील दोन बाइटांत ३ आणि २. या तिन्हींचे सर्वोच्च बिट ० आहेत. म्हणजे टचपॅडच्या पॅकेटातील चौथा, पाचवा व सहावा बाइट म्हणून ते निर्धोकपणे खपून जातात. ड्रायव्हर त्यांतून असा अर्थ काढतो : तिन्ही कळा दाबलेल्या आहेत, बोट उभ्या अक्षावर ३ या ठिकाणी, म्हणजे पॅडच्या अगदी कडेला आहे, आणि दाब २ असल्याने ते जवळजवळ उचललेले आहे. यांपैकी एकही गोष्ट घडलेली नाही. एक्स या खिडकीप्रणालीत मधली कळ दाबली की निवडलेला मजकूर चिकटवला जातो. प्रश्नपत्रिका टंकलिखित करणाऱ्या अध्यापकाच्या दृष्टीने याचा परिणाम काय होईल, हे सांगावयास नको.

एवढ्यावर भागत नाही. टचपॅडचे स्वतःचे तीन बाइट अजून यावयाचे आहेत. ड्रायव्हर आता नवीन पॅकेटाच्या प्रतीक्षेत आहे आणि दांडी एकटीच वापरली जात असताना येणारी तीन बाइटांची पॅकेटे त्याला स्वीकारावी लागतात. अशा पॅकेटाची ओळख म्हणजे पहिल्या बाइटाचे वरचे दोन बिट ० आणि खालून चौथा बिट १. बोटाचे उभे स्थान ५१२ पेक्षा कमी असेल, तर सातवा बाइट या कसोटीला उतरतो. समजा, बोट ३०० या स्थानी असून दाब ६० आहे. मग ३०० मधील २५६ चा बिट उभ्या हालचालीचे ऋण चिन्ह बनतो, उरलेले ४४ हे आडवे अंतर बनते, आणि ६० हा दाब ऋण चिन्हासह वाचल्याने उणे १९६ होतो. कर्सर ४४ एकके उजवीकडे आणि १९६ एकके खाली फेकला जातो. बोटाने किती दाबले याचे रूपांतर कर्सर किती धावला यात झाले. वापरणाऱ्याला ही 'उडी' दिसते आणि टचपॅडचा पृष्ठभाग खराब झाल्याचा निष्कर्ष तो काढतो.

आता दांडी डावीकडे किंवा खाली सरकली असे मानू. ऋण संख्या लिहिण्याच्या पद्धतीमुळे लहान ऋण अंतराच्या बाइटाचा सर्वोच्च बिट १ येतो. टचपॅडच्या पॅकेटात पाचव्या किंवा सहाव्या जागी असा बाइट येऊच शकत नाही. ड्रायव्हरला चूक कळते, तो 'लॉस्ट सिंक', म्हणजे मेळ हरवल्याची नोंद करतो आणि पॅकेट टाकून देतो. म्हणजे एकच दोष एका दिशेने नोंदला जातो आणि दुसऱ्या दिशेने नोंद न होता भलत्या क्लिकच्या रूपाने प्रकट होतो. नोंदवहीत दिसणाऱ्या चुका कमी त्रासाच्या होत्या. खरा उपद्रव करणाऱ्या चुकांची नोंदच नव्हती. केवळ नोंदींवर विसंबून दोषाचे निदान करणाऱ्यांनी ही बाब विशेष ध्यानात घ्यावी.

येथे समतेचा बिट कामाला का आला नाही, अशी शंका येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. तारेवर एकही बिट बिघडलेला नव्हता. प्रत्येक बाइट जसा पाठविला तसाच पोहोचला होता. बिघाड होता तो क्रमात, आणि क्रमाची पडताळणी करणारे काही या पद्धतीत नाही.

सातव्या बाइटाची प्रतीक्षा

दुरुस्तीचा आधार चौथा बाइट हाच आहे. घुसविलेल्या पॅकेटाच्या पहिल्या बाइटाचे खालचे चारही बिट १ असतात, ही ती खूण. पण चौथ्या बाइटाचे खालचे चारही बिट १ असण्याचा आणखी एक अर्थ संभवतो : वापरणाऱ्याने खरोखरच टचपॅडच्या तिन्ही कळा एकदम दाबल्या आहेत. त्या क्षणी हाती असलेल्या माहितीवरून या दोहोंत निवड करणे अशक्य आहे. अशा वेळी ड्रायव्हर निवड करत नाही. सहा बाइट पूर्ण झाले तरी पॅकेट वर न पाठविता तो सातव्याची वाट पाहतो.

सातव्या बाइटाचा सर्वोच्च बिट ० असेल, तर पॅकेट अजून संपलेले नाही आणि मधले तीन बाइट दांडीचे होते. ते तीन बाइट दांडीच्या नावे वर पाठविले जातात, पण त्यांतील कळांचे बिट दुर्लक्षिले जातात. कारण ते तिन्ही १ ही केवळ खूण आहे, कोणी कळा दाबल्याचे ते लक्षण नव्हे. मग सातवा बाइट चौथ्याच्या जागी बसविला जातो आणि गणती चारवरून पुढे चालू राहते. उलट, सातव्या बाइटाचा सर्वोच्च बिट १ असेल, तर आधीचे सहा बाइट हे पूर्ण पॅकेट होते आणि हा नव्याचा आरंभ आहे. तेव्हाही आधीच्या तीन बाइटांचे सर्वोच्च बिट ० आहेत ना आणि नवा बाइट आरंभाच्या कसोटीला उतरतो ना, हे पाहिले जाते. नसल्यास सारे टाकून दिले जाते.

यात एक बारकावा आहे, जो प्रथमवाचनात सुटतो. सातवा बाइट चौथ्याच्या जागी आल्यावर, वापरणाऱ्याने खरोखर तिन्ही कळा दाबलेल्या असतील तर, त्याचेही खालचे चार बिट १ असतील आणि ड्रायव्हर पुन्हा त्याच फेऱ्यात अडकेल. म्हणून तो बाइट ठेवताना त्यातील कायम १ असणारा बिट मुद्दाम ० केला जातो. त्या बिटात माहिती काहीच नसल्याने काही गमावले जात नाही, आणि कळांचे तीन बिट शाबूत राहतात.

सातवा बाइट आलाच नाही तर? वापरणाऱ्याने तिन्ही कळा दाबून हात उचलला असेल, तर ते शेवटचे पॅकेट असेल. त्यासाठी २० मिलिसेकंदांचा गजर लावलेला आहे. तेवढ्या वेळात काही आले नाही, तर सहा बाइटांची वैधता तपासून ते साधे पॅकेट म्हणून वर पाठविले जाते. एका बाइटाला सुमारे एक मिलिसेकंद लागतो हे लक्षात घेता ही मुदत तारेच्या दृष्टीने भरपूर आणि माणसाच्या दृष्टीने नगण्य आहे. शिवाय हा विलंब प्रत्येक पॅकेटाला होत नाही; संदिग्ध पॅकेटालाच होतो.

तरीही एक प्रसंग उरतोच. टचपॅडच्या तिन्ही कळा दाबल्याचे सहा बाइटांचे पूर्ण पॅकेट आले आणि त्याला लागूनच दांडीचे तीन बाइटांचे पॅकेट आले, तर ही नऊ बाइटांची मालिका घुसविलेल्या पॅकेटासारखीच दिसते. दोहोंत भेद करण्याचा कोणताही उपाय नाही. ड्रायव्हरमधील टिप्पणीत हे मोकळेपणाने मान्य केलेले आहे, आणि निर्णयाचे कारणही दिलेले आहे. तिन्ही कळा दाबून, पॅडला स्पर्श न करता, दांडी हलविणे हे नित्याच्या वापरात घडण्यासारखे नाही. आणि घडलेच तर कर्सर एकदा उडी घेईल, पण बाइटांचा मेळ हरवणार नाही. दोन चुकांपैकी एक क्षणिक आणि दुसरी पसरत जाणारी असताना पहिली पत्करली गेली. उपकरण सुधारता येत नसेल, तर ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडे उरतो तो एवढाच अधिकार : कोणती चूक होऊ द्यायची हे ठरविण्याचा. अभ्यासक्रमातील व्याख्येत नेमका हा भाग येत नाही.

मेळ हरवल्यावर

सर्व दक्षता घेऊनही मेळ हरवतो. माउसच्या सामाईक ड्रायव्हरमध्ये यासाठी काही सर्वसाधारण उपाय आहेत. अर्धवट पॅकेट हाती असताना अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लोटला, तर ते बाइट फेकून देऊन गणती नव्याने सुरू होते. लागोपाठ काही पॅकेटे सदोष आली, तर उपकरण नव्याने सुरू करण्याची मागणी केली जाते. ही मागणी त्याच क्षणी पूर्ण करता येत नाही, याचे कारण कर्नलच्या रचनेत आहे. बाइट इंटरप्टच्या प्रसंगी हाती येतो आणि त्या प्रसंगी थांबून राहण्यास मज्जाव असतो. उपकरणाला आज्ञा देणे म्हणजे मात्र तिच्या पोचपावतीसाठी थांबणे. म्हणून हे काम एका स्वतंत्र कार्यरांगेकडे सोपविले जाते.

उपकरण पुन्हा पुन्हा नव्याने सुरू करणे हा उपाय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. तेवढा वेळ टचपॅड मृतवत असतो. बराच काळ स्तब्ध राहिलेल्या माउसशी मेळ पुन्हा तपासून पाहण्याची जी सोय सामाईक ड्रायव्हरमध्ये आहे, ती आल्प्सच्या टचपॅडांसाठी बंद ठेवण्यात आली, कारण त्या तपासणीतूनच अडचणी उद्भवत होत्या.

दाबाचा उंबरठा

आतापर्यंतचा विचार बाइट खरे आणि क्रम खोटा अशा स्थितीचा होता. बाइटांतील मूल्येही काटेकोर नसतात. टचपॅड बोटामुळे होणारा विद्युतधारितेतील बदल मोजतो. ओलसर बोट, चार्जरचा विद्युतगोंगाट यांनी हे मोजमाप थरथरते. दाबाचे मूल्य एका ठरावीक आकड्याच्या आसपास वरखाली होत राहिले, तर बोट सेकंदाला अनेकदा टेकले आणि उचलले गेले असा अर्थ निघेल. यावर उपाय म्हणून दोन उंबरठे ठेवले जातात. दाब ३० च्या वर गेला की स्पर्श झाला असे मानायचे, आणि २५ च्या खाली आला की स्पर्श सुटला असे मानायचे. मधल्या पट्ट्यात आधीची स्थिती कायम राहते.

हलक्या टिचकीचीही अशीच कथा. या टचपॅडांत टिचकी ओळखण्याचे काम टचपॅड स्वतःच करतो आणि बोट नसताना केवळ 'टिचकी झाली' अशी खूण पाठवितो. वरच्या थरातील प्रणालीला मात्र बोट टेकले, उचलले असा क्रम हवा असतो. मग ड्रायव्हर दाब ४० आहे असे मानून पुढे कळवितो, आणि टिचकी मारून ओढण्याच्या कृतीत मध्ये बोट उचलल्याची एक घटना स्वतः निर्माण करतो. कर्नलने उपकरण जे सांगते तेच वर पोहोचवावे, अर्थ लावण्याचे काम वापरकर्त्याच्या थरातील प्रणालीने करावे, असा संकेत आहे आणि तो योग्यच आहे. तळहात ओळखण्यासारखी कामे लिबइनपुट ही प्रणाली त्या थरात करते. पण टचपॅडने अर्थ आधीच लावून ठेवलेला असेल, तर कर्नलला तो उलगडून पुन्हा कच्च्या घटनांत मांडावा लागतो.

नंतरची वाटचाल

२०१० च्या मध्यानंतर आल्प्सचे नवे टचपॅड आले आणि त्यांची वागणूक इतकी निराळी होती की ओळखीचा जुना तक्ता अपुरा पडला. कर्नलच्या दस्तऐवजात आल्प्सच्या संदेशपद्धतीच्या आठ आवृत्त्या नोंदलेल्या आहेत. या क्रमांकांचा कंपनीशी काही संबंध नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी सोयीसाठी ते दिले.

पुढे पीएस/२ ची तार हळूहळू मागे पडली. विंडोज ८.१ बरोबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रिसिजन टचपॅडची संकल्पना आणली आणि टचपॅड आय२सी या जोडणीवर येऊ लागले. अशा टचपॅडमध्ये स्वतःच्या माहितीची रचना सांगणारे वर्णनपत्र असते. कोणता बिट कशासाठी, हे तर्काने शोधावे लागत नाही. प्रत्येक संदेशाची लांबीही त्याच्याबरोबर येते. त्यामुळे नऊ बाइटांच्या पॅकेटासारखा घोटाळा तेथे संभवत नाही. मात्र दोष दुसरीकडे सरकतात. २०२० मध्ये एएमडीच्या प्रोसेसरवरील काही लॅपटॉपांत लिनक्सखाली टचपॅड चालेनासा झाला होता. टचपॅड आणि त्याचा ड्रायव्हर दोन्ही निर्दोष होते. टचपॅडचा इंटरप्ट वाहून नेणाऱ्या पिनांच्या ड्रायव्हरमध्ये गोंगाट गाळणारी चाळणी चुकीच्या रीतीने हाताळली जात होती. येथेही तक्रार टचपॅडच्याच नावे नोंदली गेली होती.

आल्प्सचा जुना ड्रायव्हर कर्नलमधून वगळण्यात आलेला नाही. ६२-०२-१४ ही ओळ त्याच्या तक्त्यात आजही आहे. एखादा लॅटिट्यूड ई६४०० अजून चालू स्थितीत असेल आणि त्याच्या दांडीवर बोट असताना तळहात पॅडला टेकला, तर नव्या कर्नलमध्येही सहाव्या बाइटानंतर वीस मिलिसेकंदांचा गजर लावला जातो.